चुलीला सुट्टी देणारं सूप : कळसच्या उन्हाळ्यासाठी बल्गेरियन तारातोर

एप्रिल लागला की इंदापूर तालुक्यात दुपारी चुलीपुढे बसायला कोणी राजी नसतं. कळस घ्या, निमगाव केतकी घ्या नाहीतर भिगवण, पारा चाळिशीच्या आसपास घुटमळतो आणि अन्नावरची वासना उडते. तांब्याभर ताक पिऊन माणूस आडवा होतो. संध्याकाळी भूक लागते, पण गरम आमटी नको वाटते. अशा दिवसांसाठी बल्गेरियातल्या घराघरांत एक पदार्थ होतो, त्याचं नाव तारातोर. दही, काकडी, लसूण, अक्रोड, शेपू, थोडं कच्चं तेल, मीठ आणि गार पाणी, एवढंच त्यात असतं. काही शिजवायचं नाही, काही परतायचं नाही. वाटीत घेऊन चमच्यानं खायचं किंवा पेल्यात ओतून प्यायचं.

यादी वाचून कोणी म्हणेल, ही तर आपलीच काकडीची कोशिंबीर, पाणी घालून वाढवलेली. नातं आहेच. पण कोशिंबिरीत दही जरा आंबट निघालं तर चिमूटभर साखर पडते, वरून हिंग-मोहरीची फोडणी बसते आणि सगळं सावरून जातं. तारातोरमध्ये साखर नाही, फोडणी नाही, मिरचीही नाही. दही आंबट असलं तर ते लपवायला काही उरत नाही. म्हणून या सूपाची कृती सोपी असली तरी खरी तयारी दह्याची आहे, आणि उन्हाळ्यात दही आंबू न देणं हेच तिच्यातलं अवघड काम.

दही : निम्मं काम इथंच होतं

बल्गेरियाचं दही जगभर गाजलं त्याला एक शास्त्रीय कारण आहे. १९०५ साली स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकानं जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत आपल्या मुलखातल्या दह्याचा जिवाणू शोधून काढला. लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस म्हणतात तो हाच. त्याचा जोडीदार स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. या जोडीला ऊब मानवते. ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला ती तीन-चार तासांत दही लावून मोकळी होते. आपल्या घरच्या विरजणात मात्र जिवाणूंची सरमिसळ असते, आणि त्यातले बरेच जण कमी तापमानात रात्रभर सावकाश काम करणारे असतात. थंडीत हे ठीक असतं. उन्हाळ्यात रात्रीही खोली तापलेली राहते, सगळेच जिवाणू जोरात असतात आणि नऊ वाजता विरजलेलं दही पहाटेपर्यंत आंबून जातं.

उपाय सोपा आहे. उन्हाळ्यात सूपाचं दही रात्री लावायचं नाही, दिवसा डोळ्यासमोर लावायचं. सकाळचं दूध तापवून दहाच्या सुमारास विरजलं, तर दोन वाजेपर्यंत दही लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये. दुपारच्या उन्हाचा एवढा एकच फायदा आहे, तो घ्यायचा.

आता दूध कोणतं? कळसच्या परिसरात बऱ्याच घरांतून पहाटे कॅन भरून दूध संकलन केंद्रावर जातं, त्यामुळे फॅट आणि एसएनएफ म्हणजे काय हे इथं समजावून सांगावं लागत नाही. गाईच्या दुधाला साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ हे डेअरीचे ओळखीचे आकडे. उन्हाळ्यात हिरवा चारा कमी पडतो, संकरित गाईला उष्णतेचा ताण येतो आणि दोन्ही आकडे घसरतात. त्याच दुधाचं दही पातळ लागतं. म्हणून सूपासाठी निम्मं गाईचं आणि निम्मं म्हशीचं दूध घ्यावं. नुसत्या म्हशीच्या दुधाचं दही छान घट्ट होतं, पण सूप जड वाटतं. घरात फक्त गाईचं दूध असेल तर ते मंद आचेवर आटवून लिटरचं नऊशे मिली करा, किंवा लिटरमागे दोन मोठे चमचे दूध पावडर मिसळा.

म्हशीच्या दुधाचं दही बल्गेरियालाही नवं नाही. १९६०च्या दशकात त्या देशानं भारतातून मुऱ्हा म्हशी नेल्या, तिथल्या म्हशींशी त्यांचा संकर केला आणि बल्गेरियन मुऱ्हा ही जात तयार केली. म्हणजे तिथल्या एखाद्या दह्याच्या वाटीचं मूळ आपल्याकडच्या गोठ्याशी जुळतं. तिथल्या डोंगराळ भागात मेंढीच्या दुधाचं घट्ट, पिवळसर दहीही नावाजलेलं आहे. आपल्या माळरानावर मेंढरांचे कळप आहेत, पण इथली मेंढी लोकर आणि मांसासाठी पाळतात. तिचं दूध कोकरालाच पुरतं, त्यामुळे त्या वाटेला जायचं कारण नाही.

दही लावायची पद्धत अशी :

१. दुधाला उकळी आली की आच मंद करून आठ-दहा मिनिटं हलवत ठेवा. या उष्णतेनं दुधातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवायची ताकद वाढते आणि दह्यावर निवळी कमी सुटते.

२. दूध निववा. स्वच्छ करंगळी बुडवून दहा आकडे मोजेपर्यंत सोसवली पाहिजे, पण ऊब नीट जाणवली पाहिजे. थर्मामीटर असेल तर ४३ ते ४५ अंश पाहा.

३. लिटरभर दुधाला एक छोटा चमचा विरजण उन्हाळ्यात पुष्कळ झालं. विरजण आदल्या दिवशीचं आणि गोडसर हवं. ते आधी दोन चमचे दुधात मोडून घ्या, मग सगळ्या दुधात मिसळा.

४. भांडं झाकून एका जागी ठेवा आणि हलवू नका. साडेतीन तासांनी झाकण काढून भांडं जरासं कलतं करा. दही कडेपासून एकसंध सुटलं तर ते लागलं. लगेच गार करायला ठेवा. मातीच्या गाडग्यात लावलं तर माती थोडं पाणी शोषते आणि दही आणखी घट्ट होतं.

गोठा असलेल्या घरांसाठी एक खबरदारी. गाईला कासदाह झाला म्हणून इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते दूध डेअरीलाही घालायचं नाही आणि घरातही वापरायचं नाही. त्यात प्रतिजैविकाचा अंश असतो आणि दह्याचे जिवाणू, विशेषतः थर्मोफिलस, त्यापुढे टिकत नाहीत. सगळं नीट करूनही दही लागलं नाही, तर विरजणाला दोष देण्याआधी गोठ्यात कोणत्या जनावराला औषध चालू आहे ते विचारा.

विकतचं दही चालतं. सोनाईसारखे दूध उद्योग इंदापूर तालुक्यातच आहेत आणि बारामतीतही मोठे दुग्धप्रकल्प आहेत, तेव्हा पाकिटबंद दही मिळायला अडचण नाही. फक्त पाकिटावरची तारीख पाहून त्यातल्या त्यात ताजं घ्या, आणि साखर किंवा फळांचा स्वाद घातलेलं टाळा.

काकडी : कोचवा, किसू नका

काकडी कोवळी, गडद हिरवी, बोटाच्या दाबाला कडक लागणारी घ्या. शेडनेटमधली लांब, पातळ सालीची काकडी असेल तर बिया काढायची गरज नाही. उघड्या रानातली जून काकडी असेल तर ती उभी चिरून चमच्यानं बियांचा गर काढून टाका.

उन्हाळ्यात कडू काकडीची भीती जास्त असते. वेलाला पाण्याचा ताण बसला, म्हणजे कालव्याचं आवर्तन लांबलं, ठिबकची नळी चोंदली किंवा उन्हाचा तडाखा वाढला, की फळात कडवटपणा उतरतो. तो देठाकडं आणि सालीलगत जास्त असतो. म्हणून प्रत्येक काकडीचं देठाकडचं टोक कापून एक फोड चाखायची, मगच ती दह्याजवळ न्यायची. किंचित कडवट असेल तर देठाकडचा दोन बोटं भाग आणि साल जाडसर काढा. सगळीच कडू लागली तर टाकून द्या. मीठ चोळून किंवा टोक घासून ती गोड होत नाही, आणि एक कडू काकडी भांडंभर सूप वाया घालवते.

किसणीचा मोह आवरा. किसताना काकडी चेंगरते, सगळं पाणी सुटतं आणि सूपात नुसता लगदा राहतो. खमंग काकडीसाठी आजी-आत्या काकडी कोचवतात, तीच रीत इथं हवी. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरा. धारदार सुरीनं वरच्या टोकावर जवळजवळ बारीक घाव घालत जा आणि काकडी जराजरा फिरवत राहा. टोकावर जाळी पडली की सुरी आडवी करून तेवढा पातळ थर ताटात उतरवा, पुन्हा घाव घाला. हात बसला की दोन काकड्या पाच मिनिटांत होतात. तुकडे तांदळापेक्षा थोडे मोठे पडले पाहिजेत आणि दाताखाली कुरकुरले पाहिजेत. कोचवायची सवय नसेल तर सुरीनं अगदी बारीक चौकोनी फोडी करा. बल्गेरियातही अनेक घरांत अशाच फोडी करतात.

कोचवलेल्या काकडीला अर्धा छोटा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी ओतून देऊ नका. काकडीचा सगळा सुवास त्यातच असतो. सूप पातळ करायला आधी तेच वापरायचं.

लसूण, अक्रोड, शेपू आणि तेल

लसणाच्या पाकळ्या मिठाच्या चिमटीसह खलबत्त्यात कुटून अगदी मऊ करा. मिठामुळे पाकळी निसटत नाही आणि रस सुटतो. कच्च्या लसणाचा तुकडा दाताखाली आला तर सूपाची मजा गेली. गावठी लसूण तिखट असतो, त्याच्या दोन पाकळ्या बास. त्यातच अक्रोड टाकून जाडसर कुटा. पूड करू नका, कण लागले पाहिजेत. उन्हाळ्यात अक्रोड लवकर खवट होतात, तेव्हा आधी एक खाऊन पाहा.

अक्रोड महाग वाटले तर भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट घाला. चव बदलते, पण बिघडत नाही. एवढं ध्यानात ठेवा की दाण्याचं कूट पाणी पिऊन घेतं. ते वाढायच्या वेळी मिसळा, नाहीतर फ्रीजमधून बाहेर येईपर्यंत सूपाचं पिठलं झालेलं असेल.

या पदार्थात शेपूला पर्याय नाही, आणि आठवडी बाजारात तो जुडीनं मिळतो. भाजीसाठी आपण देठासकट घेतो, इथं फक्त वरची कोवळी, केसासारखी पानं खुडा. उन्हानं लवकर फुलोऱ्यावर आलेली जुडी उग्र असते, ती भाजीला ठेवा. कोथिंबीर घातली तर चव पुन्हा कोशिंबिरीकडे वळते.

तेल कच्चंच घालायचं आहे, म्हणून चांगलं हवं. बल्गेरियात सूर्यफुलाचं घालतात. आपल्याकडे घाण्याचं करडई तेल मिळत असेल तर ते उत्तम, कारण त्याला स्वतःचा फारसा वास नाही. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल मात्र बाकी सगळ्या चवींवर चढून बसतं.

चौघांसाठी प्रमाण

गोड, घट्ट दही : अर्धा किलो
काकडी : मध्यम दोन, सुमारे ४०० ग्रॅम
लसूण : दोन-तीन पाकळ्या
अक्रोड : मूठभर, सुमारे ४० ग्रॅम
चिरलेला कोवळा शेपू : दोन मोठे चमचे
तेल : दोन मोठे चमचे
मीठ : एकूण एक छोटा चमचा, मग चवीप्रमाणे
उकळून गार केलेलं पाणी : एक ते सव्वा वाटी

कृती

१. गार दही खोलगट पातेल्यात घेऊन काट्यानं किंवा चमच्यानं फेटा. गुठळी राहू नये. रवी लावू नका. साईचं दही जोरात घुसळलं तर लोणी सुटतं आणि वर तुपकट कण तरंगतात.

२. लसूण-अक्रोडाचं वाटण मिसळा. मग काकडी, तिच्या पाण्यासकट.

३. आता गार पाणी थोडंथोडं घालत ढवळा. मठ्ठ्याहून दाट आणि कोशिंबिरीहून पातळ, चमच्यातून सहज ओघळेल इतपत झालं की थांबा. दह्याचा घट्टपणा रोज वेगळा असतो, म्हणून पाणी मोजून एकदम ओतू नका.

४. शेपू आणि निम्मं तेल घालून झाका आणि फ्रीजमध्ये निदान तासभर ठेवा.

५. वाढताना पुन्हा ढवळा आणि चव पाहा. गार पदार्थात मीठ कमी जाणवतं, तेव्हा शेवटचं मीठ याच टप्प्यावर. उरलेलं तेल, थोडा शेपू आणि अक्रोडाचे दोन-चार तुकडे वर टाका.

गार करताना

हा पदार्थ आचेवर जात नाही. त्यामुळे पाणी, काकडी आणि हात यांच्या स्वच्छतेवरच त्याची भिस्त आहे. काकडी सोलण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पाणी उकळून गार केलेलंच घ्या. बोअरच्या पाण्याचा खारटपणा सूपात सरळ उतरतो, तेव्हा पिण्याचं चांगलं पाणी वापरा.

सूपात बर्फ टाकू नका. तो वितळला की चव पांचट होते. शिवाय बाहेरून आणलेला बर्फ खाण्यायोग्य असेलच असं नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यायचं बंधन आहे, पण गाडीवर फोडून दिलेल्या तुकड्यात तो रंग ओळखू येईलच याची खात्री नसते. लाईट गेली आणि घाई असेल तर परातीत बर्फ आणि मूठभर मीठ घालून त्यात सूपाचं पातेलं बसवा. मिठामुळे बर्फाचं पाणी आणखी गार होतं आणि सूप बाहेरूनच थंड होतं. बर्फही नसेल तर उकळून माठात गार केलेलं पाणी वापरा, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून त्यावर ओलं फडकं टाका आणि वाऱ्याला ठेवा. फ्रीजसारखं थंड होणार नाही, तेव्हा असं केलेलं सूप लगेच वाढून टाका.

कशाबरोबर, कोणाला

बल्गेरियात तारातोर जेवणाच्या सुरुवातीला येतो. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर लोक तळलेल्या छोट्या माशांसोबतही तो पितात. भिगवणला उजनीचे मासे मुबलक असले तरी आपल्याकडे दह्यासोबत मासे खायची रीत नाही, तेव्हा ती जोडी सोडून द्या. ज्वारीची भाकरी आणि झुणका, मुगाच्या डाळीची खिचडी, किंवा भाजलेल्या वांग्याचं भरीत यांच्याबरोबर हे सूप चांगलं जमतं. मुलांना लसूण नको असेल तर त्यांच्यासाठी आधी वाटीभर वेगळं काढून त्यात डाळिंबाचे दाणे घाला. डाळिंबं इथलीच आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी काकडीला मीठ लावायची पायरी गाळा आणि वरूनही बेतानं घाला.

घट्ट प्रकार हवा असेल तर दही फडक्यात बांधून दोन तास फ्रीजमध्ये टांगा, श्रीखंडाचा चक्का करतो तसं, पण तेवढं कोरडं होऊ देऊ नका. पाणी न घालता बाकी सगळं मिसळलं की भाकरीला लावून खाण्याजोगं होतं. बल्गेरियात या घट्ट प्रकाराला स्नेझांका म्हणतात. खाली गळलेली निवळी टाकू नका. थालीपीठ भिजवायला ती उत्तम.

दही खाल्लं की शंभरी गाठता येते, असं काहीजण सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध दह्याशी जोडला, तिथून ही गोष्ट पसरली. त्यांना १९०८ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. सूप आवडलं म्हणून खा. उन्हात घाम गाळून आलेल्या माणसाला त्यातून पाणी, मीठ आणि प्रथिनं मिळतात, हा लाभ काही थोडा नाही.

पन्नास वाट्या करायच्या असतील तर

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या जोडीला हे ठेवता येईल. दीडशे मिलीच्या पन्नास वाट्यांसाठी साडेतीन किलो दही, तीन किलो काकडी, पाव किलोहून थोडे जास्त अक्रोड आणि पावणेदोन लिटर पाणी धरा. लसूण मात्र त्याच पटीत वाढवू नका. दहा-बारा पाकळ्यांनी सुरुवात करून चव पाहा. दही आणि वाटण आदल्या दिवशी तयार ठेवता येतं, पण वाटणात तेल घालून ते बाहेर ठेवू नका. तेलात बुडालेला कच्चा लसूण बाहेर राहिला तर विषबाधेचा धोका असतो. काकडी कार्यक्रमाच्या दोन तास आधी कोचवा आणि पाहुणे आल्यावरच सगळं एकत्र करा. मोठं पातेलं उन्हाच्या दिवसांत तासाहून जास्त टेबलावर राहू देऊ नका. निम्मं सूप फ्रीजमध्ये ठेवून लागेल तसं बाहेर काढा.

तयार सूप फ्रीजमध्ये एक दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी लसूण चढतो आणि काकडी मऊ पडते. तोवर उरलंच तर त्यात थालीपिठाची भाजणी भिजवा, वेगळा लसूण लागणार नाही.

पहिल्या खेपेला अर्ध्या किलो दह्याचंच करा आणि काकडी चिरायला घेण्याआधी दह्याचा एक चमचा तोंडात घाला. गोडसर लागलं तर पुढे जा. जिभेला झणका बसला तर त्या दिवशी सूपाचा नाद सोडा, बेसन लावून कढी करा, आणि उद्या सकाळी दहा वाजता नवं विरजण लावा.